खोत मेला नाहीं, तो मुंबईस गेला

गेल्या शिमग्याच्या सुमारास आमच्या गांवचा एक सुतार मुंबईहून परत आला. बायको व तीन मुलें घेऊन तो भावाच्या दोन खणांच्या घरांत उतरला. बरोबर एक वळकटी, चार भांडीं आणि एक रंधा. करवत, वाकस, पटाशी, गिरमिट कोठें आहेत म्हणून विचारलें, तेव्हां तो म्हणाला, “गाडींत गेलीं.” झोपडी पाडावयास जी गाडी आली होती, तिच्यांत पत्रे व बांबू यांबरोबर त्याचीं हत्यारेंही भरून नेलीं. चौदा वर्षें तो त्या जागेवर राहिला होता. विजेचें बिल त्याच्या नांवें येत होतें. मतदारांच्या यादींत त्याचें नांव होतें. दर निवडणुकीस हात जोडणारे त्याच्या दाराशीं उभे राहत होते. फक्त जागेचा कागद त्याच्यापाशीं नव्हता.

पारावर बसलेले एक गृहस्थ हें ऐकून म्हणाले, “अरे, दुसऱ्याच्या जागेवर घर बांधलेंस, तें आज ना उद्यां पडायचेंच!” सुतार कांहीं बोलला नाहीं. आम्हांला मात्र बोलल्यावांचून राहवत नाहीं. कारण त्या गृहस्थांचें सव्वातीन एकर रान त्यांच्या आज्याला कूळकायद्यानें मिळालेलें आहे. १९५७ सालापर्यंत तें रानही दुसऱ्याचेंच होतें!

या गृहस्थांची नालस्ती करावी म्हणून आम्ही हें लिहीत नाहीं. ते आमचेच आहेत. त्यांच्या तोंडून जें निघालें तें गांवोगांवच्या पारावर बसणाऱ्या आमच्या कुणबी, माळी, धनगर बांधवांच्या मनांत आहे. मुंबईची झोपडी पडली कीं खेड्यांतला शेतकरी म्हणतो, ‘आपल्याला काय त्याचें?’ त्याला काय त्याचें, हेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम कूळकायद्याकडे वळूं. १९४८ सालीं मुंबई इलाख्यांत कूळवहिवाटीचा कायदा झाला. पुढें त्यांत दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, आणि त्या दिवशीं जमीन कसणारें कूळ हें त्या जमिनीचें खरेदीदार मानलें गेलें. किंमत बाजारभावानें द्यावयाची नव्हती. जमिनीच्या आकाराच्या वीसपटीपासून दोनशेंपटीपर्यंत ती ठरवावयाची आणि कुळानें ती हप्त्यांनीं फेडावयाची, असा नियम होता. त्याआधीं १९४९ च्या कायद्यानें कोंकणांतली खोती उडाली. हें कोणी दान म्हणून दिलें नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९३७ सालीं खोती नष्ट करण्याचें बिल कायदेमंडळांत मांडलें. जानेवारी १९३८ मध्यें कोंकणचे हजारों शेतकरी मुंबईस कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यांत कुणबी होते, महार होते, आगरी होते. तेव्हां कोठें पुढें दहा-बारा वर्षांनीं खोताची पकड सुटली.

या सर्व कायद्यांच्या पोटांत तत्त्व एकच होतें. ज्याच्या घामानें जमिनीला मोल आलें, त्याचा त्या जमिनीवर हक्क आहे. दप्तरांत नांव कोणाचेंही असो, खपणाऱ्याला तेथून हुसकून लावतां येणार नाहीं. ‘कसेल त्याची जमीन’ हें वाक्य आमच्या लेंकरांनाही पाठ आहे. आमचा प्रश्न असा कीं, हें तत्त्व गांवच्या वेशीपर्यंतच खरें आणि मुंबईच्या नाक्यावर खोटें, असें कोणत्या शास्त्रांत सांगितलें आहे?

आतां मुंबईस गेलें कोण तें पाहूं. खोताच्या जाचानें गांजलेला रत्नागिरीचा कुणबी गेला. दुष्काळांत गुरें विकून बसलेला साताऱ्याचा व नगरचा शेतकरी गेला. यंत्राच्या मालानें ज्याचें बलुतें बुडालें तो सुतार, कुंभार, चर्मकार गेला. ज्याला गांवांत पाणवठाही मोकळा नव्हता तो दलित बांधव गेला. त्यांच्या हातांनीं गिरण्या चालल्या, गोदी चालली, रस्ते झाले. रात्रीं पाठ टेकावयास मात्र त्यांना एका खोलींत दहा-दहा, बारा-बारा जण अशी जागा मिळाली.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला तो गरिबांच्या याच कोंडवाड्यांतून पसरला. गिरणी कामगारांचे पहिले पुढारी, ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे प्लेगच्या रोग्यांची सेवा करतां करतां १८९७ सालीं त्याच रोगानें गेले. सरकार जागें झालें आणि १८९८ सालीं शहरसुधारणेसाठीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापिला. या ट्रस्टानें रुंद रस्ते काढले, श्रीमंतांसाठीं हवेशीर वस्त्या आंखल्या. परंतु गरिबांच्या जितक्या खोल्या पाडल्या, तितक्याही पहिल्या वीस वर्षांत त्यानें बांधून दिल्या नाहींत. पाडलेल्यांतले लोक शेजारच्या चाळींत शिरले व तेथील दाटी आणखी वाढली. गरिबाचें घर पाडणें म्हणजे सुधारणा, ही व्याख्या तेव्हां जी रूढ झाली ती आजतागायत सुटलेली नाहीं.

‘फुकट्यांनीं जागा बळकावली’ असें म्हणणाऱ्यांना आम्ही एक सरकारी दप्तरांतलाच दाखला देतों. १९८१ सालीं पदपथावरच्या झोपड्या ऐन पावसाळ्यांत पाडून माणसें बसमध्यें घालून गांवीं रवाना करण्याचा हुकूम निघाला. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत फिर्याद गेली. फिर्यादींत जे होते त्यांत एक संगमनेरचा चर्मकार होता. दिवसाला सात-आठ रुपये मिळवीत होता. गांवचें घर कोसळलें म्हणून १९६९ सालीं तो मुंबईस आला व बदली कामगार म्हणून लागला. पदपथावर झोपडी टाकण्यासाठीं त्यानें तेथल्या एका गुंडास तीनशें रुपये मोजले, आणि बांबू व प्लास्टिक यांस सातशें रुपये घातले. त्या काळीं त्याचा महिन्याचा पगार साडेतीनशें रुपये! म्हणजे जवळ जवळ तीन महिन्यांची कमाई त्या चार हात जागेंत गेली. याला फुकट म्हणतात काय? गरीब मनुष्य शहरांत जागेची किंमत भरतोच. ती सरकारच्या तिजोरींत न जातां गुंडाच्या खिशांत जाते, आणि पावती मात्र मिळत नाहीं.

न्यायालयानें १९८५ च्या जुलैंत निकाल दिला. मनुष्याच्या जगण्याच्या हक्कांत पोट भरण्याच्या साधनाचा हक्क येतो, हें न्यायमूर्तींनीं मान्य केलें. मोठी गोष्ट झाली. पण त्याच निकालांत, नोटीस देऊन आणि पावसाळा उलटल्यावर झोपड्या काढण्यास मोकळीकही ठेवली. पोटाचा हक्क मान्य झाला, पाय टेकण्याचा झाला नाहीं. हवेंत लोंबकळून कोणी पोट भरतो काय?

आतां घामाचा हिशेब घेऊं. शेतकऱ्यानें खडकाळ माळ फोडावा, बांध घालावा, गाळ वाहून टाकावा, तेव्हां त्याचें शेत होतें. मुंबईच्या गरिबानेंही तेंच केलें. जी जागा कोणासही नको, जेथें खाजण, दलदल व डांस, तेथें तो गेला. मातीच्या पाट्या, राडारोडा, भुसा टाकून त्यानें ती भरून काढली. धारावी अशीच भरली गेली. चेंबुरापलीकडच्या जनता कॉलनीची गोष्ट तर विसरूं नये अशी आहे. शहरांतून उठविलेल्या लोकांना पालिकेनेंच त्या आडरानांत नेऊन बसविलें. त्यांनीं दलदल भरली, वस्ती उभारली. पुढें शेजारीं अणुशक्तीचें केंद्र झालें, त्याला ती जागा हवीशी झाली, आणि मे १९७६ मध्यें सुमारें सत्तर हजार माणसें पोलिसांच्या बंदोबस्तांत उचलून चीता कॅम्पच्या चिखलांत नेऊन टाकलीं. तेथेंही त्यांनीं पुन्हां चिखल भरला! गरिबानें जमीन करावी आणि ती नांवारूपास आली कीं दुसऱ्यानें घ्यावी, हाच या शहराचा रिवाज आहे. आमच्या वाडवडिलांनीं पडीक रान वाहितीस आणावें आणि सुगीच्या वेळीं खोतानें खळ्यावर येऊन उभें राहावें, त्याहून हें निराळें कसें?

बरें, ज्यांना पट्टे मिळाले त्यांना कसे मिळाले? १६६८ सालीं इंग्लंडच्या राजानें अवघें मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिलें, तें वर्षाला दहा पौंड खंडावर. तेथले कोळी, भंडारी, आगरी यांना कोणी विचारलें नाहीं. पुढें कंपनी सरकारानें साष्टींतलीं गांवेंच्या गांवें बड्या व्यापाऱ्यांना खोतीनें तोडून दिलीं. आतां आजचें उदाहरण घ्या. महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीचें मैदान दोनशें एकरांहून मोठें. त्याचा नव्याण्णव वर्षांचा पट्टा १९१४ सालीं झाला व २०१३ च्या मे महिन्यांत संपला. पट्टा संपल्यावर तेथें बुलडोझर गेला काय? तबेल्यांतलें सामान गाडींत भरलें काय? अकरा वर्षें सारें सुखरूप चाललें. २०२४ सालीं तडजोड झाली. सुमारें १२० एकर शहराकडे आलें, आणि ९१ एकरांचा पट्टा आणखी तीस वर्षांसाठीं, २०५३ पर्यंत, वाढवून मिळाला. घोड्यांबद्दल आमच्या मनांत आकस नाहीं. मुकें जनावर, त्याचा काय दोष? पण घोड्याला पट्ट्यावांचून अकरा वर्षें अभय आणि सुताराला अकरा मिनिटें नाहींत, हा न्याय आमच्या गांवढळ बुद्धीस उमगत नाहीं.

आतां कायद्याचा पक्षपात कसा चालतो तें शेतकऱ्यांनीं नीट ऐकावें, कारण हें थेट तुमच्याशीं लागतें. शेतजमीन अमुक एकरांहून अधिक धरूं नये असा १९६१ सालचा महाराष्ट्राचा कायदा आहे. तो आजही तुमच्या मानेवर आहे. तसाच १९७६ सालीं शहरांतल्या मोकळ्या जमिनीसाठीं कमाल धारणेचा कायदा झाला होता. मुंबईंत पांचशें चौरस मीटरांहून अधिक मोकळी जमीन कोणीं ठेवूं नये, जास्तीची सरकारानें घेऊन दुर्बळ लोकांच्या घरांसाठीं वापरावी, असा त्याचा हेतु होता. मालकांनीं सवलतीचीं कलमें शोधलीं, वर्षानुवर्षें कोर्टें चालविलीं, आणि गरिबांच्या वाट्यास फार थोडी जमीन आली. शेवटीं केंद्राच्या नगरविकासाच्या पैशासाठीं ‘हा कायदा काढा’ अशी अट आली, व महाराष्ट्रानें २००७ सालीं तो काढून टाकला. गांवच्या शेतकऱ्यावर मर्यादा कायम, शहरच्या धनिकावरची मर्यादा रद्द! कूळकायद्याच्या वेळीं सावकाराच्या बाजूनें बोलणारे जे होते, त्यांना हा दिवस पाहून धन्यता वाटली असेल.

गिरण्यांच्या जमिनीचेंही तेंच झालें. १८ जानेवारी १९८२ रोजीं संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार घरीं बसले ते बहुतेक कायमचे. गिरणगांवांत सुमारें सहाशें एकर जमीन गिरण्यांखालीं होती. १९९१ सालीं नियम झाला कीं, गिरणीची जमीन विकसित करावयाची तर एक हिस्सा शहराच्या मोकळ्या जागेस, एक हिस्सा सामान्यांच्या घरांस, आणि एक हिस्सा मालकास. ऐकावयास गोड. २००१ सालीं त्यांत दुरुस्ती झाली कीं, वांटणी फक्त आधींच मोकळ्या असलेल्या जमिनीची करावयाची, इमारतींखालची जमीन वगळून. आतां गिरणींत मोकळी जमीन किती असणार? उच्च न्यायालयानें ही दुरुस्ती अडविली, पण मार्च २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. २०१२ सालीं गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली तेव्हां घरें ६,९२५ आणि अर्जदार दीड लाखाच्या आसपास. ज्यांच्या बापजाद्यांच्या फुप्फुसांत त्या गिरण्यांचा कापूस बसला होता, त्यांनीं चिठ्ठ्यांकडे डोळे लावावे आणि चिमण्यांच्या जागीं गगनचुंबी मनोरे उभे राहावे!

आतां त्या ‘फुकट घरा’ची कथा. १९९५ च्या निवडणुकींत चाळीस लाख झोपडीवासियांना आठ लाख घरें फुकट देण्याचें वचन दिलें गेलें, आणि त्यासाठीं झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण निघालें. युक्ति अशी कीं, झोपडपट्टीची जागा बिल्डराच्या हातीं द्यावयाची. त्यानें एका कोपऱ्यांत उंच, दाट इमारती बांधून झोपडीवाल्यांना तेथें भरावयाचें, आणि उरलेल्या जागेवर वाढीव चटईक्षेत्र घेऊन विक्रीचे मजले चढवावयाचे. पहिलें घर २२५ चौरस फुटांचें होतें, पुढें तें २६९ व नंतर ३०० झालें. तीस वर्षें लोटलीं, आठ लाखांतलीं निम्मीं घरेंही झालीं नाहींत. जेथें जमिनीला भाव, तेथें बिल्डर धांवत गेला. जेथें भाव नाहीं, तेथें तो फिरकलाही नाहीं. कित्येक कुटुंबें घर मोकळें करून देऊन संक्रमण शिबिरांत नाहीं तर भाड्याच्या खोलींत वर्षानुवर्षें वाट पाहत बसलीं, आणि तीं भाडींही मध्येंच थकलीं.

आम्ही विचारतों, यांत फुकट कोणाला काय मिळालें? झोपडीवाल्यानें भरून काढलेली जमीन बिल्डरानें घेतली, आणि तिच्याच किंमतींतून त्याला एक खोली दिली. आपल्याच गाईचें दूध आपल्याला वाटीभर देऊन वर उपकाराची पाटी लावावी, तसला हा प्रकार! ‘फुकट’ हा शब्द मोठा घातकी आहे. ज्याला फुकट मिळतें त्याला बोलण्याचा अधिकार राहत नाहीं. जिना कोसळला, पाणी चढलें नाहीं, तरी त्यानें गप्प बसावें, कारण फुकट मिळालें ना!

कारागिराला तर त्या खोलीचा उपयोगही नाहीं. धारावीचा कुंभारवाडा पाहा. गुजराथेंतून आलेलीं तीं कुंभार कुटुंबें कित्येक पिढ्यांपासून तेथें चाक फिरवितात. घराच्या पुढल्या अंगाला चाक, मागें माती, अंगणांत आवा, पडवींत सुकत घातलेलीं मडकीं. घर व कारखाना एकच. त्याला सातव्या मजल्यावर साडेतीनशें फुटांची खोली दिली, तर आवा काय खिडकींत पेटवावयाचा? आमच्या गांवच्या कुंभाराला व लोहाराला हें कोणी समजावून सांगावयास नको. धारावीच्या पुनर्विकासाचें काम २०२२ सालीं निविदा काढून अदानी उद्योगसमूहाला दिलें. तेथला नियम असा कीं, तळमजल्यावर १ जानेवारी २००० पूर्वींपासून राहणारा असेल त्यालाच धारावींत फुकट घर. त्यानंतर २०११ पर्यंत आलेल्याला धारावीबाहेर, पैसे भरून. त्याहून उशिरा आलेल्याला आणि माळ्यावर राहणाऱ्याला दूर कोठें तरी भाड्याच्या नाहीं तर हप्त्याच्या घरांत. बाप खालीं राहतो, लग्न झालेला लेंक माळ्यावर राहतो. एका चुलीचे दोन तुकडे करणारा हा नियम कोणा शहाण्याला सुचला असेल तो असो!

आणि हा ‘पुरावा’! आमच्या बापजाद्यांना कुलकर्ण्याचें दप्तर ठाऊक होतें. दप्तरांत काय लिहिलें तें वाचतां येत नसे, आणि जें लिहिलें असेल त्यानें शेत राहत असे वा जात असे. ही जुलमी सत्ता ओळखूनच शाहू महाराजांनीं १९१८ सालीं आपल्या राज्यांत कुलकर्णी वतन खालसा करून तलाठी नेमले. आज मुंबईंत तेंच दप्तर नव्या नांवानें उघडलें आहे. १९७६ सालीं झोपड्यांची गणती होऊन फोटोपास दिले गेले. पुढें १९९५ ची तारीख आली, मग २००० ची, मग २०११ ची. निवडणूक जवळ आली कीं तारीख पुढें सरकते, निवडणूक झाली कीं बुलडोझर निघतो. २००४ च्या अखेरीस निवडणूक आटोपतांच ऐंशी-नव्वद हजार झोपड्या पाडल्याचें वृत्तपत्रांनीं छापलें. ज्याचा कागद पुरांत वाहून गेला, जो पाहणीच्या दिवशीं कामावर होता, जिचा नवरा मेला आणि पास त्याच्या नांवचा होता, ते सर्व ‘अपात्र’. माणूस डोळ्यांसमोर उभा, त्याचीं पोरें शाळेंत शिकतात, आणि दप्तर म्हणतें, हा नाहींच!

यावर कांहीं शंका काढल्या जातात, त्यांचा परामर्श घेऊं.

कोणी म्हणतात, झोपडीवाल्यांना पट्टे दिले तर उद्यां सारा महाराष्ट्र मुंबईस लोटेल. अहो, शंभर-सव्वाशें वर्षें पट्टा न देतांही लोक आलेच कीं! मनुष्य कामासाठीं शहरांत येतो. गांवीं पाणी व काम असेल तर कोण शहाणा गटाराच्या कांठीं संसार मांडील? लोंढा थांबवावयाचा तर आमच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मालाला भाव द्या. वड्याचें तेल वांग्यावर काढूं नका.

दुसरे म्हणतात, पट्टा हातांत पडला कीं हे विकून मोकळे होतील आणि पुन्हां झोपडी टाकतील. मनोऱ्यांतला श्रीमंत आपलें घर चढ्या भावानें विकतो तेव्हां त्याला कोणी असा उपदेश करीत नाहीं. तरीही शंका खरी धरूं. उपाय सोपा आहे. पट्टा एकट्याच्या नांवें न देतां वस्तीच्या सहकारी संस्थेच्या नांवें द्या. जागा वारसाला जावी, पण वस्तीबाहेरच्या शेटाला विकतां येऊं नये. हें आमच्या डोक्यांतलें खूळ नव्हे. १९८५ सालीं जागतिक बँकेच्या मदतीनें मुंबईंतच अशी योजना होती. झोपडीवाल्यांच्या संस्थांना जमीन तीस वर्षांच्या पट्ट्यानें द्यावयाची, त्यांनीं भाडें भरावयाचें, पाणी, गटार व रस्ता सरकारानें करावयाचा, आणि घर ज्याचें त्यानें ऐपतीप्रमाणें सुधारावयाचें. ठरविलेल्यांपैकीं थोड्याच कुटुंबांपर्यंत ती पोंचली, आणि १९९५ च्या ‘फुकट घरा’च्या डामडौलांत विसरली गेली. तिच्यांत बिल्डराला मलिदा नव्हता, हेंच तिचें पाप!

मध्य प्रदेशानें १९८४ सालीं शहरांतल्या भूमिहीनांना पट्टे देण्याचा कायदा केला. ओडिशानें २०१७ सालीं झोपडीवासियांना राहत्या जागेचा हक्क दिला. तो मुलांबाळांना जातो, त्यावर कर्ज काढतां येतें, मात्र तो विकतां येत नाहीं. दूर ब्राझिल देशांत २००१ च्या कायद्याप्रमाणें, शहरांतल्या खाजगी जमिनीवर अडीचशें चौरस मीटरांपर्यंत जागेंत जो स्वतःचें घर करून पांच वर्षें विनातक्रार राहिला, त्याला ती जागा मागतां येते. थायलंडांत २००३ पासून वस्त्या सहकारी संघ करून जमीन सामाईक पट्ट्यानें वा खरेदीनें घेतात. हे देश बुडाले नाहींत. आमच्याकडेही गुंठ्यागुंठ्यानें बेकायदा पाडलेले भूखंड कायदेशीर करण्यास २००१ सालीं गुंठेवारीचा कायदा निघालाच ना? मग कायद्याचें सोंवळें गरिबाच्याच झोपडीशीं कां आठवतें?

तिसरे म्हणतात, हे कर भरीत नाहींत. घ्या ना कर! जागेला आकार लावा, पावती द्या. जो गुंडाला देतो, पाण्याच्या हंड्यामागें पैसे मोजतो, तो सरकारलाही देईल, आणि आनंदानें देईल, कारण पावती म्हणजे त्याचा पुरावा.

आतां थोडें आपल्या घरांत पाहूं. आमच्या वडिलांनीं शेटजी-भटजींकडे बोट दाखविलें तें रास्त होतें. आज जमिनीच्या व्यवहारांतल्या गाद्यांवर कोण बसले आहेत? त्यांत आडनांवें आमचीं कमी नाहींत. कूळकायद्याच्या जमिनीवर मोठा झालेला, सहकाराच्या नांवानें पुढारी झालेला आमचाच भाऊ आज बिल्डराचा भागीदार आहे. वस्तींतला दादा आमच्याच जातीचा आहे, मोर्चाच्या दिवशीं तो जोतीरावांचें नांव घेतो आणि रात्रीं भाडें वसूल करतो. कुंपणच शेत खातें, तें असें. जो गरिबाची जमीन खातो तो खोत, मग त्याच्या गळ्यांत जानवें असो वा तुळशीची माळ असो. हें बोलावयास आम्हांला लाज वाटत नाहीं. न बोलण्याची वाटते.

मग करावयाचें काय? उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांकडून शिकावें. नव्या मुंबईसाठीं त्यांच्या जमिनी गेल्या. नुसत्या मोबदल्यावर ते गप्प बसले नाहींत. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालीं ते उठले, जानेवारी १९८४ मध्यें जासईच्या बाजूस गोळीबारांत त्यांचीं माणसें पडलीं, आणि त्या लढ्यांतून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन विकसित करून परत देण्याचें तत्त्व आलें. पैसा खर्चून जातो, पायाखालची जमीन टिकते, हें त्यांनीं ओळखलें.

म्हणून मुंबईंतल्या आमच्या बांधवांस सांगणें कीं, फुकट घर मागूं नका, जागेचा पट्टा मागा. भाडें देऊं म्हणा, आकार भरूं म्हणा, पण नोंद आमच्या संस्थेच्या नांवें करा असें ठणकावून सांगा. पट्ट्यावर घरधन्याबरोबर घरधनिणीचेंही नांव असूं द्या. वस्तींतलें कोणी अपात्र ठरलें तर बाकीच्यांनीं संमतीच्या कागदावर अंगठा उठवूं नये. माळ्यावरच्याला सोडून तळमजल्यावरच्यानें सही केली, तर उद्यां त्याचीही पाळी येते.

आणि गांवच्या बांधवांस सांगणें कीं, तुमच्या लेंकरांपैकीं एक तरी शहरांत आहे, नसेल तर उद्यां जाईल. शेताचे तुकडे पडत चालले आहेत, चौथ्या भावाला बांधावर उभें राहण्यापुरतीही जमीन उरत नाहीं. तो मुंबईस, पुण्यास, नाशकास जाणार आणि कोणाच्या तरी जागेवर चार पत्रे उभे करणार. त्या दिवशीं तो चोर ठरावा कीं कूळ ठरावा, हें आज तुम्ही ठरवावयाचें आहे. मत मागावयास येणाऱ्याला पारावर बसवून विचारा: कसणाऱ्याला जमीन दिलीत, राहणाऱ्याला जागा केव्हां देणार? उत्तर न देईल त्याला पाणी पाजा, मत देऊं नका.

आमचा सुतार सध्यां भावाच्या ओसरीवर बसून लोकांचे नांगर व खाटा दुरुस्त करतो. हत्यारें उसनीं आहेत. पारावरचे ते गृहस्थ परवां त्याच्याकडे बैलगाडीचें जूं घेऊन आले होते. काम होईपर्यंत दोघे बोलत बसले. उठतांना गृहस्थ म्हणाले, “आमच्या आज्यालाही खोतानें एकदां असाच बाहेर काढला होता म्हणतात.” आम्हांला एवढेंच हवें होतें. ज्याला आपला आजा आठवला, त्याला सुताराची झोपडी परकी वाटणार नाहीं.